जुना पायाचा ऑर्गन वाजता करायचाय? आधी हवा, मग पट्ट्या, सूर सगळ्यात शेवटी

जुना ऑर्गन हाती आला की माणसाला पहिला मोह होतो तो सूर बाहेर काढून घासायचा. तो मोह आवरा. पितळेचे सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पितळी जिभा, शंभर वर्षं सहज टिकतात. खराब होतं ते त्यांच्या भोवतीचं कापड, चामडं आणि नमदा. वाद्य दमेकऱ्यासारखं वाजत असेल, मधूनच गप्प होत असेल किंवा एखादा सूर हट्टाने वाजतच राहत असेल, तर बिघाड बहुधा हवेच्या वाटेत असतो. या लेखातला क्रम त्याच हिशेबाने लावला आहे. तो मोडू नका. सूर आधी लावून भाता नंतर बदललात, तर हवेचा जोर बदलल्याने सुरांचं काम पुन्हा करावं लागेल.

आधी एक खुलासा. ऑर्गन म्हटलं की युरोपातल्या चर्चमधले उंच नळ्यांचे ऑर्गन डोळ्यांसमोर येतात. आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन तो नव्हे. यात नळ्या नाहीत, पेटीसारखेच पितळेचे सूर आहेत. काही ऑर्गनच्या डोक्यावर नळ्यांची रांग दिसते, पण ती निव्वळ शोभेची. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं १८८० साली, आणि १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या काळात ऑर्गन हा नाट्यसंगीताचा कणा झाला. बालगंधर्वांच्या साथीला हरिभाऊ देशपांडे ऑर्गनवर असत. हातपेटीत डावा हात भात्यात अडकतो. इथे भाता पायाखाली गेल्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात आणि आवाज न तुटता भरून येतो. गाणाऱ्याला त्याची ओढ का वाटायची, हे एकदा वाजवून पाहिलं की कळतं.

१. तुमच्याकडे नेमकं काय आहे ते ओळखा

पायाने हवा मारायची वाद्यं दोन जातींची. एका जातीत भाता हवा सुरांतून बाहेर ढकलतो. ही खरी पायपेटी. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ यांनी १८४२ साली पेटंट घेतलेल्या हार्मोनियमच्या वंशातली, आणि आपली हातपेटीही त्याच घराण्यातली. दुसऱ्या जातीत भाता हवा आत ओढतो. हा अमेरिकी पद्धतीचा ऑर्गन. मेसन अँड हॅम्लिन (बोस्टन, स्थापना १८५४) आणि एस्टी (ब्रॅटलबरो, व्हरमाँट) ही यातली मोठी नावं. एकट्या एस्टीने पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले.

ओळखायची सोपी रीत: मागची फळी काढा, एक स्टॉप (सुरांची रांग उघडणारी खुंटी) ओढा, पायाने हवा मारा आणि एक पट्टी दाबून सुराच्या तोंडाशी पातळ कागदाचा कपटा धरा. कपटा आत चिकटला तर ऑर्गन, उडाला तर पायपेटी. ही गोष्ट आधी पक्की करा, कारण गळती शोधण्यापासून पुढचं सगळं दोघांत उलटं आहे. हातपेटी दुरुस्त करणारे कारागीर हुशार असतात, पण त्यांचा हात ढकलणाऱ्या भात्यावर बसलेला असतो. ओढणारा भाता त्यांनी पूर्वी उघडला आहे का, हे विचारून घ्या. इथून पुढचं सगळं ऑर्गनबद्दल आहे.

आत अनुक्रमांक शोधा. तो मागच्या बाजूला ठोकलेला किंवा आतल्या फळीवर शाईने लिहिलेला असतो. सर्वांत खालच्या पट्टीच्या लाकडावरही पाहा. पूर्वीच्या दुरुस्तीवाल्यांनी पेन्सिलीने नाव-तारीख टाकलेली सापडते, तिचा फोटो घ्या आणि ती पुसू नका. रीड ऑर्गन सोसायटीची जगभरच्या ऑर्गनची नोंदवही इंटरनेटवर आहे. कंपनी आणि क्रमांक हातात असला की तुमच्या वाद्याची भावंडं तिथे सापडू शकतात.

२. घरी आणण्याआधी काय पाहायचं

उजेडाची बॅटरी, मऊ ब्रश आणि तोंडाला मास्क घेऊन जा. मास्क चेष्टेवारी नेऊ नका, आत उंदरांनी संसार थाटलेला असतो.

- सगळे स्टॉप आत ढकला, एकही पट्टी न दाबता हवा मारा आणि पाय थांबवा. आतला मोठा भाता मिटतो आणि हळूहळू पुन्हा उघडतो. अर्धा मिनिट मिटून राहिला तर हवेचं काम थोडक्यात आटपेल. पाय काढताक्षणी उघडला तर भात्याचं कापड बदलावं लागेल. त्याने घाबरू नका, ते करता येण्याजोगं आहे.
- जोरात हवा मारल्यावर आतून फुस्स आवाज येतो आणि बघायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, “गळतंय!” पण भाता पूर्ण मिटला की जादा जोर सोडून देणारी एक झडप मुद्दाम ठेवलेली असते. हा आवाज तिचा असू शकतो.
- सुरांची फळी आणि तिच्या खालची मुख्य फळी आरपार तडकलेली आहे का? वाळवी लागली आहे का? वाळवीने पोखरलेली मुख्य फळी म्हणजे नवं वाद्य बनवण्याइतकं काम. पहिलाच ऑर्गन असेल तर असा घेऊ नका.
- किती सूर गायब आहेत? चार-दोन चालतील. एक अख्खी रांग नसेल तर सोडून द्या.

पट्ट्या पिवळ्या पडल्यात, पॉलिश उडालंय, पायाच्या फळीचा पट्टा तुटलाय, या कारणांवरून भाव पाडून घ्या, वाद्य नाकारू नका.

३. कागदपत्रं

हा भाग कंटाळवाणा आहे, पण नंतर डोकेदुखी वाचते.

- विकणाऱ्याकडून सही-तारखेची पावती. वाद्य देणगी म्हणून मिळत असेल तर तसं लेखी.
- नाट्यमंडळ, देवस्थान, चर्च किंवा शाळेच्या न्यासाचं वाद्य असेल तर विश्वस्तांच्या ठरावाची प्रत. “घेऊन जा हो, पडूनच आहे” हा ठराव नव्हे.
- हलवण्याआधीचे सर्व बाजूंचे फोटो, अनुक्रमांकासह.
- आजोबांचा ऑर्गन परदेशी न्यायचा असेल तर १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तुमची वस्तू या व्याख्येत बसत नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवावा लागतो. तो विमानाचं तिकीट काढण्याआधी मिळवा.
- पट्ट्यांवर हस्तिदंत असेल (नीट पाहिलं तर लाकडासारख्या बारीक रेषा दिसतात) तर तुटलेल्या तुकड्यासाठी बाजारात हस्तिदंत शोधत फिरू नका. त्याची खरेदी-विक्री वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. बहुतेक ऑर्गनच्या पट्ट्यांवर सेल्युलॉइड असतं. ते झपकन पेटतं, त्यामुळे त्याच्या जवळपास गरम इस्त्री, मेणबत्ती किंवा सोल्डरिंगचं हत्यार नको.

४. हत्यारं आणि सामान

फार काही लागत नाही. वेगवेगळ्या मापांचे पेचकस (जुन्या स्क्रूंची खाच अरुंद असते, सैल पेचकस ती खाऊन टाकतो), पक्कड, बोथट पटाशी, मऊ दातांचे ब्रश, चिमटा, बारीक कानस, पातळ पोलादी पट्टी, पॉलिशपेपर, दाणेदार सरस, दुहेरी भांडं (पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं भांडं), भात्याचं रबर लावलेलं सुती कापड, झडपांसाठी मऊ पातळ चामडं, लोकरीचा नमदा, पायाच्या पट्ट्यांसाठी खाटेची रुंद नवार, पेन्सिल, नंबर घालायला चिकटपट्ट्या आणि पुष्कळ लहान पिशव्या. सूर ओढायचा आकडा विकत मिळाला नाही तर जाड तारेचं टोक चपटं करून वाकवून घेता येतो. काही जुन्या ऑर्गनमध्ये मूळ आकडा आतच एका खिळ्याला लटकवलेला असतो. आधी तिथे बघा.

५. खोलणे

पावसाळ्यात वाद्य खोलू नका. लाकूड फुगलेलं असतं, सरस वाळत नाही. दिवाळीनंतरचे कोरडे महिने उत्तम.

क्रम साधारण असा: मागची फळी, वरचा शोभेचा भाग असल्यास तो, पट्ट्यांवरचं झाकण, स्टॉपची फळी, मग पट्ट्यांसह वरचा सगळा सांगाडा. सांगाडा खालच्या भात्याच्या पेटाऱ्याला लांब स्क्रूंनी जोडलेला असतो. हे स्क्रू सारखे दिसले तरी लांबीत फरक असतो. लांब स्क्रू आखूडाच्या जागी गेला की फळीच्या आरपार जातो आणि तुम्ही स्वतःच्या हाताने नवी गळती तयार करता. म्हणून जाड पुठ्ठ्यावर वाद्याचं चित्र काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा. स्क्रू हलत नसेल तर जोर करू नका. आधी किंचित घट्ट करा, मग सैल.

स्टॉपच्या मागच्या तारा, कमानी आणि लाकडी काड्यांचं जाळं सोडवण्याआधी प्रत्येक स्टॉप आत आणि बाहेर असताना फोटो काढा. शक्य असेल तर व्हिडिओ. या जाळ्याचा नकाशा कुठल्याही पुस्तकात तुमच्या वाद्यापुरता मिळणार नाही.

स्टॉपवरच्या नावांनी फसू नका. अकरा खुंट्या म्हणजे अकरा प्रकारचे सूर नव्हेत. अकरा खुंट्यांच्या ऑर्गनमध्ये सुरांच्या दोनच रांगा असणं अगदी नेहमीचं. डायपेसन आणि डल्सियाना पुष्कळदा एकच रांग असते. एकात सुरांपुढची झापड पूर्ण उघडते, दुसऱ्यात जराशी, म्हणून आवाज दबका येतो. शिवाय प्रत्येक रांग खर्ज आणि तार अशी दोन भागांत तोडलेली असते, त्यामुळे एकच खुंटी ओढून अर्ध्या पट्ट्या मुक्या राहिल्या तर वाद्य बिघडलेलं नाही. नावापुढच्या ८ या आकड्याचा अर्थ नेहमीची पट्टी (स्वराची उंची), ४ म्हणजे एक सप्तक वर, १६ म्हणजे एक सप्तक खाली. हे आकडे नळ्यांच्या ऑर्गनवरून आले. तिथे ते नळीची फुटांतली लांबी सांगतात.

व्हॉक्स ह्युमाना नावाच्या खुंटीची गंमत मात्र बघून घ्या. मागच्या बाजूला पुठ्ठ्याचं पातं बसवलेला एक दांडा असतो, शेजारी छोटंसं हवेचं चाक. खुंटी ओढली की भात्याच्या ओढीने चाक फिरतं, पातं सुरांसमोर गरगरतं आणि आवाज थरथरतो. मला स्वतःला ही थरथर नाट्यगीताखाली खपत नाही, पण म्हणून चाक काढून फेकू नका. वाद्य तुमच्यानंतरही कुणाकडे जाणार आहे.

६. भाता: निम्मं काम इथेच

रचना अशी. पायाखालच्या दोन फळ्या नवारीने दोन लहान भात्यांना जोडलेल्या. फळी दाबली की लहान भाता उघडतो आणि मोठ्या भात्यातली हवा ओढून घेतो. पाय उचलला की स्प्रिंग त्याला मिटवते आणि ओढलेली हवा मागून बाहेर जाते. दोन्ही जागी चामड्याच्या झडपा हवेला उलट फिरू देत नाहीत. मोठ्या भात्याच्या आत दणकट स्प्रिंगा आहेत, त्या त्याला सतत उघडू पाहतात. या ओढाताणीतून सुरांना सारखी, न हेलकावणारी ओढ मिळते.

गळती कुठे आहे ते आधी ठरवा. वरचा सांगाडा काढला की भात्याच्या पेटाऱ्यावर हवेचं तोंड उघडं पडतं. त्यावर जाड प्लॅस्टिक आणि सपाट फळी घट्ट दाबून पाय मारा. भाता मिटून राहिला तर भाता निर्दोष, दोष वरच्या भागात. नाही राहिला तर उदबत्ती लावा आणि पाय मारत असताना कडांशी, कोपऱ्यांशी, घड्यांशी फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे गळती. जुनं कापड आणि कोरडं लाकूड जवळ आहे, तेव्हा उदबत्ती दुसऱ्या माणसाच्या हाती द्या आणि पाण्याचं भांडं शेजारी ठेवा.

एखाद्या जागी भोक असेल तर ठिगळ चालतं. पण कापड हाताने चुरगाळल्यावर करकरत असेल, पावडर पडत असेल, तर सगळंच बदला. आज ठिगळ लावलंत तर उद्या त्याच्या शेजारी फाटतं.

बदलताना:

मोठा भाता जास्तीत जास्त किती उघडतो ते कापड फाडण्याआधी मोजून लिहून ठेवा. मग त्याला दोरीने किंवा पट्ट्याने करकचून बांधा आणि मगच कडा सोडवा. आतल्या स्प्रिंगा दाबलेल्या आहेत. बांधल्याशिवाय कापड कापलं तर त्या उसळून तोंडावर येतात. दोन माणसांशिवाय हे काम करू नये.

जुनं कापड ओल्या गरम फडक्याने शेकलं की सरस मऊ होतो आणि ते सालासारखं निघतं. ते फेकू नका, नव्या कापडाचा बेत त्यावरूनच काढायचा आहे. आतले पुठ्ठ्याचे ताठ तुकडे जपा. भाता सरळ घडीत मिटतो तो त्यांच्यामुळे. सडले असतील तर त्याच मापाचे, त्याच जाडीचे नवे कापा.

लाकडावरचा जुना सरस पूर्ण खरवडा. मग मोजून ठेवलेल्या उंचीचा ठोकळा मध्ये ठेवून भाता उघडा धरा आणि नवं कापड बिजागरीच्या बाजूपासून सुरू करून तिन्ही उघड्या बाजूंनी फिरवा. कोपऱ्यांवर ताणू नका, तिथे घडीला ढील हवी.

सरस रात्रभर थंड पाण्यात भिजवा आणि दुहेरी भांड्यात साठ अंशांच्या आसपास गरम करा. उकळला की त्याची ताकद जाते. लाकडावर लावला की मिनिटभरात तो गोठायला लागतो, म्हणून पंखा बंद ठेवा आणि वीतभर जागा घेऊन वीतभरच लावा. दर वेळी आधी ती कड गरम फडक्याने शेकून घ्या.

आता दोन सापळे. पहिला, फेव्हिकॉल. सोपा आहे, मजबूत आहे, आणि म्हणूनच इथे नको. भात्याचं कापड काही दशकांनी पुन्हा बदलावं लागणारच. सरस पाण्याने सुटतो. लाकडात मुरलेला पांढरा गोंद सुटत नाही, आणि काढताना कडेचं लाकूडही येतं. दुसरा सापळा, रेक्झिन. सहज मिळतं म्हणून पुष्कळ जण तेच लावतात. ते ताठ असतं, घडीत बसत नाही, पाय जड होतो आणि घडीवरच तडकतं. हवा न जाऊ देणारं पण रुमालासारखं दुमडणारं कापड हवं. ओळखायला ओठांशी धरून जोरात फुंका. पलीकडे वारा जाणवला तर नको.

झडपांचं चामडं आकसून वाकलेलं असेल तर बदला. मऊ, पातळ, सपाट हवं. पायाच्या फळ्यांची नवार बदलणं हे सर्वांत सोपं काम. तेवढ्यानेच कधीकधी “मेलेला” ऑर्गन उठून बसतो, कारण तो मेलेला नसून नुसता पायाचा पट्टा तुटलेला असतो.

७. पट्ट्या आणि त्यांच्या खालच्या झडपा

पट्टी दाबली की तिच्याखालची लाकडी काडी मुख्य फळीच्या भोकातून खाली जाते आणि फळीच्या खालच्या अंगाची लांबट झडप ढकलते. झडपेवर नमदा आणि चामडं, खाली कमान. एवढंच यंत्र, पण पाच सप्तकांच्या ऑर्गनला ते ६१ वेळा.

सूर आपोआप वाजतच राहत असेल तर खोलण्याआधी त्या पट्टीला पाय मारत पंधरा-वीस वेळा भरभर दाबा. झडपेखाली अडकलेला कण बहुधा ओढला जाऊन निघून जातो. नाही गेला तर पाहा: काडी फुगून भोकात अडकली आहे का? पट्टी शेजारणीला घासते आहे का? कमान घसरली आहे का? मग झडपेचा नमदा. कसर लागली असेल तर तो जाळीसारखा दिसतो.

नमदा-चामडं बदलताना जुन्याइतकीच जाडी ठेवा. केसभर जाड झालं की काडीची उंची बदलते आणि पट्टी इतरांच्या बरोबरीत राहत नाही. एका झडपेपुरतं बदलत बसण्यापेक्षा सगळ्यांचं एकदम बदलणं शहाणपणाचं. प्रत्येक झडप, काडी आणि पट्टी यांना डावीकडून १ ते ६१ क्रमांक घाला. त्या एकसारख्या दिसतात, पण एकीची काडी दुसरीच्या भोकात नीट बसत नाही.

अडकणाऱ्या काडीला तेल लावायचं नाही. खोबरेल नाही, शिवणयंत्राचंही नाही. तेलाने लाकूड फुगतं, धूळ चिकटते आणि नमद्यात मुरलेलं तेल निघत नाही. काडीवर पेन्सिलीचं शिसं घासा, पुरतं.

८. सूर

आता सूर काढायला हरकत नाही. आधी थर्माकोलच्या जाड तक्त्यावर रांगेप्रमाणे खाचा करा आणि क्रमांक टाका. दोन पूर्ण रांगांचे १२२ सूर होतात. एकदा मिसळले की निवडत बसण्यात दिवस जातो. काढताना आकडा सुराच्या खाचेत अडकवून सरळ ओढा, वर उचलू नका. कोणती बाजू वर होती ते लक्षात ठेवा, परत जाताना तीच वर.

सूर म्हणजे पितळेची चौकट आणि तिच्यावर एका टोकाला रिव्हेटने बसवलेली जीभ. ती चौकटीच्या चिरेतून ये-जा करते, आणि दोन्ही बाजूंना जेमतेम कागदाएवढी फट असते. म्हणूनच धुळीचा एक कण, केस किंवा नमद्याचा तंतू तिला मुकं करतो. मुका सूर दिसला की आधी उजेडाकडे धरून फट पाहा. पातळ कागदाचा तुकडा जिभेखालून हळूच सरकवा. सत्तर-ऐंशी वर्षं गप्प असलेला सूर एवढ्यावर बोलायला लागतो, आणि या कामातला सगळ्यात जास्त आनंद मला तिथेच मिळतो.

साफ करताना कोरडा मऊ ब्रश, तोही मुळाकडून टोकाकडे. हट्टी मळ असेल तर ब्रशला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. चिंच, लिंबू, पितांबरी ही समईसाठी. ती आम्लं आणि पावडरी पितळ खातात, आणि जिभेचं पितळ कमी झालं की सूर हलतो. सूर चकचकीत दिसण्याची गरज नाही, तो फळीत लपलेलाच राहणार आहे. जीभ बोटाने वर उचलून टंग् करून बघण्याची सवयही सोडा. बारीक सुरांच्या जिभा त्यानेच मुळाशी तुटतात. तिच्या किंचित वळणात सुराचा स्वभाव असतो: वळण बिघडलं की सूर उशिरा उठतो किंवा खरखरतो.

तुटलेला सूर जोडता येत नाही. त्याच बनावटीच्या मोडीत निघालेल्या ऑर्गनमधून मिळवा, किंवा हातपेटीचे सूर घासून बसवणाऱ्या जाणत्या कारागिराकडे चौकट न्या. नमुन्याला शेजारचे दोन सूरही न्या.

९. सूर लावणे

सगळं जोडून, नव्या भात्यावर थोडे दिवस वाजवून मगच.

जुन्या वाद्याची मूळ पट्टी आजची असेलच असं नाही. अमेरिकी पियानो कारखानदारांनी १८९१ मध्ये मधला ए हा पाश्चात्य स्वर सेकंदाला ४३५ कंपनांवर ठरवला होता. आज सगळीकडे ४४० धरतात, आणि ब्रिटिश बनावटीत त्याहून चढीही पट्टी सापडते. सूर मोजणाऱ्या ॲपचा काटा सगळ्या सुरांना सारखाच उतरलेला दाखवत असेल, तर सूर बिघडलेले नाहीत. वाद्य तसंच बनलेलं आहे. सव्वाशे जिभा घासून ते ४४० ला ओढणं म्हणजे प्रत्येक जिभेचं आयुष्य कमी करणं. तबला-तानपुरा त्याच्याशी मिळवून घ्या. गाणाऱ्याला काही फरक पडत नाही. फक्त बासरी किंवा कीबोर्ड सोबत असेल तर अडचण येते.

जे सूर आपल्या शेजाऱ्यांपेक्षा वेगळे पडलेत तेवढेच हलवा. जिभेच्या टोकाकडचं पितळ कणभर कमी केलं की सूर चढतो, मुळाकडचं केलं की उतरतो. खाली पोलादी पट्टी सरकवून आधार द्या, कानशीचा एकच हलका हात मारा, सूर जागेवर बसवा, ऐका. हाताच्या उबेने पितळ तापून सूर थोडा उतरतो, म्हणून बसवल्यावर जरा थांबा. जागेबाहेर वाजवून घेतलेली पट्टी फसवी असते. पुष्कळ “बेसूर” सूर नुसते नीट आत ढकलल्यावर सुरात येतात, तेव्हा कानस उचलण्याआधी तेही बघा.

सर्वांत मोठा सापळा: व्हॉक्स सेलेस्ट किंवा तशा नावाची रांग. ती मुद्दाम थोडी बेसूर ठेवलेली असते, दुसऱ्या रांगेबरोबर वाजली की लाटा उठाव्यात म्हणून. ही रांग कुणी सरळ सुरात आणून ठेवली की तो रंग कायमचा गेला. दुसऱ्या रांगेशी ताडून पाहिली तर ती बेसूर वाटेल. तिला हात लावू नका.

आपल्या मध्यमात किंवा गंधारात बसवून घ्यावं असा आग्रह धरणारे गायक भेटतील. हातपेटीवर खुशाल करा. जुन्या ऑर्गनवर नको.

१०. बाहेरचं लाकूड आणि रोजची निगा

पॉलिशबद्दल थोडक्यात. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाका. पॉलिश विरघळलं तर ते लाखेचं आहे. ओलसर फडक्याने पुसा, गेलेल्या जागी लाखेचाच हात द्या. मेलामाइन किंवा पीयू मारून आरसा करू नका.

ऑर्गन बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, एसीच्या झोताखाली ठेवू नका. उंदीर पायाच्या फळ्यांमधल्या फटीतून शिरतात. अमेरिकी कारखानदार ‘माउस-प्रूफ’ फळ्या अशी जाहिरातच करायचे. तुमच्याकडे तशा नसतील तर आतून बारीक लोखंडी जाळी ठोका. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या मलमलच्या पुरचुंडीत, सेल्युलॉइडच्या पट्ट्यांपासून लांब. व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावून पायाचे कष्ट वाचवायची कल्पना दर वर्षी कुणीतरी सुचवतं. तिची ओढ या भात्याला फार जास्त आहे, आणि पायाने येणारं वजन मोटरला येत नाही.

रोज पंधरा-वीस मिनिटं सगळ्या खुंट्या ओढून, सगळ्या सप्तकांत वाजवा. न वाजवलेल्या सुरांवरच धूळ बसते. आणि आषाढ-श्रावणात एखादी पट्टी अडकलीच तर लगेच पॉलिशपेपर हाती घेऊ नका. दिवाळीपर्यंत थांबा, ती बहुधा आपली आपण सुटते. आत्ता घासलीत तर उन्हाळ्यात खडखडेल.